नाण्यांच्या फरशीवर पुन्हा पुन्हा येणारं पांढरं धुकं: आणखी एक कोट मारण्याआधी काय तपासाल

जमिनीवर खरी नाणी चिकटवायची आणि वरून पारदर्शक इपॉक्सी ओतायची, अशी ही फरशी. इपॉक्सी म्हणजे रेझिन आणि त्याला कडक करणारा हार्डनर, या दोन द्रवांचं मिश्रण. ओतली त्या रात्री फरशी आरशासारखी दिसते. आठवड्याभरात नाण्यांवर पांढुरकं धुकं धरतं, मधेच बुडबुडे दिसायला लागतात. मग घरमालक पॉलिश पेपर मारून वरून आणखी एक कोट ओततो, दोन दिवस सगळं झकास, आणि धुकं पुन्हा त्याच जागी हजर. मला बोलावणं येतं ते साधारण या टप्प्यावर, दोन-तीन कोट वाया गेल्यावर.

बाथरूमच्या अशा फरशा मी बऱ्याच उघडल्या आहेत. फार थोड्या वेळा खोट इपॉक्सीत निघाली. बाकी सगळीकडे नाण्याच्या पोटाखाली काहीतरी ओलं किंवा हवा अडकलेली होती. वरून कितीही कोट मारा, खालची ओल तिथेच राहते आणि बाहेर पडायची वाट मात्र अधिक बंद होते. म्हणून हातात रेझिनचा डबा असेल तर तो आधी खाली ठेवा.

आधी लक्षणं नीट बघा

खोलीतले दिवे बंद करा, विजेरी जमिनीलगत आडवी धरा आणि फरशीवरून प्रकाश सरपटत जाऊ द्या. वरून सरळ पाहताना न दिसणाऱ्या निम्म्या गोष्टी अशा दिसतात. जिथे दोष दिसेल तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि सगळ्या खोलीचा एक फोटो काढून ठेवा. डाग कुठे आहेत यापेक्षा त्यांचा आकार काय आहे, हे जास्त महत्त्वाचं.

धुकं बरोबर नाण्याएवढं गोल असेल, किंवा नाण्याच्या कडेनं पांढरी कडी धरली असेल, तर संशय गोंदावर. धुकं नाण्यांची पर्वा न करता ढगासारखं पसरलं असेल, भिंतीच्या कडेला किंवा पाण्याच्या जाळीजवळ दाट असेल आणि कमी-जास्त होत असेल, तर ओल जमिनीतून येते आहे. सगळ्या पृष्ठभागावर सारखी, बोट फिरवल्यावर रेघ उमटणारी तेलकट साय असेल, तर ते प्रकरण फक्त वरच्या पापुद्र्याचं आहे आणि तुम्ही नशीबवान आहात.

बुडबुड्यांचंही तसंच. नाण्याच्या कडेला माळेसारखे लागलेले मोठे बुडबुडे म्हणजे खालून सुटलेली हवा. सगळीकडे विखुरलेले मोहरीएवढे बारीक बुडबुडे म्हणजे मिश्रण घुसळताना शिरलेली हवा. रेझिन एखाद्या जागेवरून मागे सरकून खड्डा पडला असेल, तळ उघडा दिसत असेल, तर तिथे तेल, साबण किंवा सिलिकॉन आहे. हिरवट-निळसर कडी, काळे ठिपके, चिकटपणा, ठोकल्यावर पोकळ आवाज ही लक्षणंही टिपून ठेवा. एकाच फरशीत दोन-तीन दोष सुखानं एकत्र नांदतात.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी कोमट पाण्याची. वीतभर जागेवर कोमट पाणी टाका, खरखरीत घासणीनं घासा आणि स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. धुकं निघून गेलं तर ती अमाइनची साय होती. हार्डनरमधली अमाइन्स नावाची रसायनं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा यांच्याशी संयोग पावतात आणि मेणासारखा थर वर येतो. थंड, दमट खोलीत हे हमखास होतं. हा थर पाण्यात विरघळतो, सॉल्व्हंटनं फक्त पसरतो. घासून काढायच्या आधीच पॉलिश पेपर मारला तर हीच साय ओरखड्यांत भरते आणि पुढचा कोट तिच्यावर धरत नाही. ही तपासणी पहिली ठेवते ती याचसाठी. पाणी मारल्यावर धुकं तात्पुरतं गायब होऊन वाळताच परत आलं, तर ते सायीचं नाही. तिथे वरचा थर खरवडलेला आहे आणि पाणी त्या ओरखड्यांत भरून काही वेळ काचेसारखं दिसतं. हा घोटाळा फार जणांचा होतो, त्यामुळे पूर्ण वाळेपर्यंत थांबूनच निकाल द्या.

दुसरी तपासणी नखाची. चार-पाच ठिकाणी नख दाबा. कुठेही वण उमटायला नको. काही मोजक्याच जागा चिकट असतील आणि बाकी फरशी कडक, तर बादलीच्या कडेला आणि तळाला चिकटून राहिलेलं, नीट न मिसळलेलं रेझिन खरवडून ओतलं गेलं आहे. सगळीच फरशी मऊ असेल, तर प्रमाण चुकलं किंवा खोली थंड होती. थंडीनं मऊ राहिली असेल तर खोली २०-२५ अंश सेल्सिअसवर दोन-तीन दिवस ठेवल्यावर बहुधा कडक होते. प्रमाण चुकलेलं असेल तर ती वर्षभरातही कडक होणार नाही.

प्रमाण चुकलं का, हे कळायला उरलेले डबे बघा. इतकी साधी गोष्ट, पण कुणी बघत नाही. संच दोनास एक प्रमाणाचा असेल तर उरलेलं रेझिन उरलेल्या हार्डनरच्या दुप्पट असायला हवं. तसं नसेल तर मोजमाप कुठेतरी घसरलं. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे घनफळाचं प्रमाण वजनकाट्यावर मोजणं. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे मापानं सारखं म्हणजे वजनानं सारखं नव्हे. डब्यावर दोन्ही प्रमाणं वेगवेगळी दिलेली असतात, त्यातलं एकच निवडा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. लवकर सेट व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालणं हा तर शुद्ध आत्मघात. इपॉक्सीत हार्डनर हा घटकपदार्थ आहे, वेग वाढवणारा मसाला नाही. जास्तीचा जोडीदाराविना तसाच राहतो आणि फरशी चिकट ठेवतो.

डबे उघडलेच आहेत तर रेझिन डोळ्यासमोर धरून बघा. गढूळ किंवा साखरेसारखं दाणेदार दिसलं तर ते थंडीत स्फटिक धरून बसलं आहे. डबा गरम पाण्यात ठेवून पूर्ण नितळ होईपर्यंत थांबा. दाणेदार रेझिन ओतून वर धुकं शोधत बसलेले लोकही मी पाहिले आहेत.

एका कपाची परीक्षा

उरलेल्या मालातून थोडंसं मिश्रण अचूक प्रमाणात करा, दोन पारदर्शक कपांत ओता. एक कप बाथरूममध्येच ठेवा, दुसरा कोरड्या उबदार खोलीत. दोन दिवसांनी दोन्ही कप नितळ आणि कडक निघाले तर माल निर्दोष आहे, खोलीची हवाही ठीक आहे. संशय जमिनीवर आणि नाण्यांवर. बाथरूममधलाच कप दुधाळ झाला तर हवा दोषी. दोन्ही बिघडले तर माल किंवा प्रमाण. या दोन कपांनी मला किती फरशा उखडण्यापासून वाचवलं आहे ते सांगता येणार नाही.

हवेबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: ओतताना जमिनीचं तापमान दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाच्या, किमान ३ अंश वर हवं. खोलीत २५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २१ अंशांच्या जरा वर येतो. म्हणजे जमीन निदान २४-२५ अंशांवर हवी. बाथरूमची जमीन खोलीच्या हवेपेक्षा थंड असते, ती २३ वर असली तरी डोळ्यांना कोरडीच दिसते. रात्री ती आणखी उतरली की ताज्या रेझिनवर न दिसणारा घाम धरतो. ओतल्यानंतर कुणी शेजारच्या खोलीत गरम पाण्यानं आंघोळ केली आणि दार उघडं राहिलं, एवढंही पुरतं.

नाणी आणि गोंद: इथेच बहुतेक गुन्हे सापडतात

नाण्याची कड उंच असते, मधला भाग खोलगट. ते जमिनीवर ठेवलं की खाली एक बारीक बंद खोली तयार होते. आता हिशेब करा. २५ मिलिमीटर व्यासाची नाणी मधमाशीच्या पोळ्यासारखी एकाला एक चिकटून लावली, तर एका चौरस मीटरमध्ये साधारण १८५० बसतात आणि सुमारे ९१ टक्के जमीन झाकतात. खालच्या ओलीला बाहेर पडायला उरते ती ९ टक्के फट. सरळ रांगांत लावली तर १६०० नाणी आणि २१ टक्के फट. दाट मांडणी जास्त देखणी दिसते हे खरं, पण धुक्याच्या तक्रारीही तिच्याच जास्त.

आता त्या १८५० झाकणांखाली पांढरा गोंद असेल तर? पांढरा गोंद म्हणजे लाकूडकामाचा पाण्यावर आधारलेला गोंद. तो पाणी उडून गेल्यावरच वाळतो. कागद किंवा लाकूड पाणी शोषून घेतं, धातू शोषत नाही. नाण्याच्या कडेनं गोंद वाळतो, नाणं हलेनासं होतं, आपल्याला वाटतं झालं काम. मध्यभागी तो कित्येक दिवस ओलाच असतो. वरून इपॉक्सी ओतली की तिची उष्णता त्या पाण्याला जागं करते, बाष्प कडेनं वर येतं आणि अर्धवट सेट झालेल्या रेझिनमध्ये अडकून पांढरं होतं. पुढे बाथरूमचं पाणी कुठून झिरपलंच तर हाच गोंद पुन्हा मऊ पडतो.

घरी तपासायचं असेल तर काचेच्या तुकड्यावर तोच गोंद लावून तीन-चार नाणी चिकटवा. दुसऱ्या दिवशी काच उलटी करून खालून बघा. कडेला पारदर्शक आणि मध्ये पांढरा डोळा दिसला, की गुन्हेगार सापडला. ही काच मी कामावर बरोबरच ठेवते, कारण सांगून कुणाला पटत नाही.

इतर गोंदांचे नखरे वेगळे. झटपट चिकटणारा गोंद वाफ सोडतो आणि ती नाण्यावर पांढरी पावडर होऊन बसते. हे धुकं इपॉक्सीच्या आत, नाण्याच्या पृष्ठभागावर असतं आणि वाढत नाही. सिलिकॉन सगळ्यात वाईट. त्यावर इपॉक्सी धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारा प्रकार असेल तर सेट होताना ॲसेटिक ॲसिड सोडतो. तांब्याच्या नाण्याभोवती हिरवी कडी धरली की मी आधी हाच प्रश्न विचारते.

हिरवटपणाचं दुसरं कारण नाणी चमकवण्यात आहे. व्हिनेगर आणि मीठ तांब्यावरचा काळा थर झटकन काढतं, पण नीट न धुतलेली नाणी काही तासांतच हिरवी पडायला लागतात. आम्ल मारल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायची, मग भरपूर स्वच्छ पाण्यात, आणि लगेच पूर्ण वाळवायची. अक्षरांच्या खाचांत आणि दातेरी कडेत पाणी राहतं, त्यामुळे फडक्यानं पुसून भागत नाही, गरम हवा लागते. हार्डनरमधली अमाइन्सही तांब्याच्या गंजाशी जुळून निळसर छटा देतात. म्हणून गंजलेलं जुनाट रूप हवं असेल तर गंज घासून घट्ट राहिलेलाच ठेवा, भुकटी होणारा नको.

उरलेली नाणी असतील तर दोन झटपट गोष्टी करून बघा. पहिली, नाणं पाण्यात बुडवून बाहेर काढा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर ते स्वच्छ आहे. पाणी थेंबाथेंबानं तुटलं तर तेल किंवा साबणाचा अंश आहे. खड्डे पडण्याचं मूळ इथे असतं. दुसरी, लोहचुंबक. तांबूस दिसणारं प्रत्येक नाणं तांब्याचं नसतं. ब्रिटनची एक आणि दोन पेन्सची नाणी १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, युरोची १, २ आणि ५ सेंटची नाणीही तशीच. ही चुंबकाला चिकटतात. अमेरिकेचं एक सेंटचं नाणं १९८२ मध्ये बदललं, तेव्हापासून आत जस्त आणि वर २.५ टक्के तांबं. ते चुंबकाला चिकटत नाही, पण फसवं तेवढंच. जुन्या तांब्याच्या सेंटचं वजन सुमारे ३.१ ग्रॅम, नव्याचं २.५. मुलाम्याचं नाणं कडेला कापलं किंवा खोलवर घासलं की आतला धातू उघडा पडतो. पोलाद असेल तर तपकिरी डाग, जस्त असेल तर पांढरी भुकटी. भिंतीलगतच्या अर्ध्या कापलेल्या नाण्यांपाशीच धुकं असेल, तर ते धुकं नसून गंज असू शकतो. नाणी कापण्याआधी तुमच्याकडच्या कायद्यात ते चालतं का हेही बघा, कारण कित्येक ठिकाणी चलन तोडणं हा गुन्हा आहे.

थोडा वेळ आणि थोडं सामान लागणाऱ्या तपासण्या

स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं फरशी ठोकत जा. भरीव जागेचा आवाज बसका येतो, सुटलेल्या जागेचा टणक आणि पोकळ. एखाद-दुसरं नाणं पोकळ वाजलं तर खाली हवेचा कप्पा आहे, दुरुस्ती होते. हातभर जागा सलग पोकळ वाजली तर इपॉक्सीचा सगळा थर जमिनीपासून सुटला आहे. तिथे वरून काहीही करून उपयोग नाही.

मग प्लॅस्टिकची चाचणी. जवळपास एक हात, म्हणजे ४५ सेंटिमीटर चौरसाचा जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा उघड्या काँक्रीटवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं पक्क्या बंद करा. किमान १६ तास, जमलं तर दोन दिवस तसाच राहू द्या. आतून घाम आला किंवा काँक्रीट काळपट पडलं तर जमिनीतून बाष्प वर येतं आहे. हे इपॉक्सी झालेल्या भागावर करून अर्थ नाही, ती बाष्प वर येऊच देत नाही. दाराच्या उंबऱ्यापाशी, कपाटाखाली किंवा कुठेतरी उघडी जमीन सापडते तिथे करा. नसेलच तर एक चौकोन खरवडावा लागेल. ही चाचणी पटकन ‘ओल आहे’ म्हणते, ‘ओल नाही’ हे मात्र खात्रीनं सांगत नाही, कारण एका दिवशी कोरडी दिसलेली जमीन पुढच्या ऋतूत ओली निघू शकते. नवं काँक्रीट असेल तर २८ दिवस होण्याआधी ही चाचणीसुद्धा करू नका.

शेवटची तपासणी म्हणजे एक नाणं उचलणं. इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तरच. सगळ्यात जास्त धुकं असलेलं नाणं निवडा, हीट गननं फिरवत फिरवत गरम करा. खोलीच्या तापमानात सेट होणारी साधी इपॉक्सी चटका बसेल इतकी तापली की चामड्यासारखी मऊ होते. मग छिन्नीनं भोवतीचा भाग कापून नाणं उचला. खिडकी उघडी, नायट्राइलचे हातमोजे आणि रसायनांची वाफ अडवणारा मास्क हवाच. धूर दिसला तर जास्त तापवलंत.

खाली काय आहे ते वाचा. पांढरा, रबरासारखा ओला गोंद: वर सांगितलेलं प्रकरण. कोरडा स्वच्छ तळ आणि नाण्याच्या पोटात चकचकीत पोकळी: अडकलेली हवा. सिमेंटची भुकटी नाण्याला चिकटून आली: खालची जमीनच कच्ची, घासली नव्हती. पांढरे खारट कण आणि थंड ओलसर स्पर्श: जमिनीतली ओल. शेजारचं आणखी एक नाणं, पण धुकं नसलेलं, मुद्दाम उचलून तुलना करा. एकाच नाण्यावरून निष्कर्ष काढून मी एकदा तोंडघशी पडले होते. खालून गेलेला गरम पाण्याचा पाइप त्या एका रांगेतच होता.

कारण सापडल्यावर

फक्त साय असेल तर धुऊन, वाळवून, १२० ते २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं फरशी सगळीकडे सारखी धूसर करा आणि एक पातळ कोट. पेपरचे ओरखडे रेझिनखाली दिसेनासे होतात, घाबरू नका.

मोजक्या चिकट जागा असतील तर तेवढंच खरवडून काढा, कडा घासा, भरा. अशा कधीच सेट न होणाऱ्या चिकटावर कोट मारला तर तो सुरकुततो. पुढच्या वेळी मिश्रण एका बादलीत ढवळून दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओता, पुन्हा ढवळा आणि कडा न खरवडता फरशीवर ओता. बादलीत ठेवूनही देऊ नका. मोठ्या गोळ्यात स्वतःच्याच उष्णतेनं ती तापते, धूर काढते आणि पंधरा-वीस मिनिटांत दगड होते. जमिनीवर पसरली की उष्णता सुटते आणि वेळही मिळतो.

अडकलेल्या हवेसाठी, मोजकीच नाणी असतील तर बारीक ड्रिलनं कडेला दोन छिद्रं पाडा, एकातून सिरिंजनं पातळ इपॉक्सी भरा, दुसऱ्यातून हवा निघू द्या. सगळीकडे असेल तर ती मांडणीतली चूक आहे. नवीन मांडताना मी आधी जमिनीवर इपॉक्सीचाच पातळ कोट देते. तो शोषला जातो आणि काँक्रीटची छिद्रं बुजतात. त्यावर ताज्या इपॉक्सीचा लेप, आणि नाणं सपाट न ठेवता एका कडेनं टेकवून, किंचित फिरवत दाबायचं, म्हणजे हवा दुसऱ्या कडेनं निघते. वेळखाऊ आहे, हजार नाण्यांनंतर मनगट बोलायला लागतं. पण गोंदाचा प्रश्नच उरत नाही. मग फक्त फटी भरतील एवढा पातळ थर, आणि तो हाताला चिकट लागतो तोवरच मुख्य थर. हिशेब सोपा: १ लिटर रेझिन १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर जाड बसतं. डब्यावर लिहिलेल्या जाडीपेक्षा जास्त एकदम ओतायचं नाही.

ओतायची वेळ संध्याकाळची धरा. सकाळी जमीन तापत जाते, छिद्रांतली हवा फुगते आणि वर येते. संध्याकाळी ती आकसते आणि रेझिन आत ओढून घेते. हीट गन पहिल्या अर्ध्या तासात, वीतभर उंचीवरून, एका जागी न थांबता. केस वाळवायचं यंत्र वापरू नका, त्यानं बुडबुडे कमी फुटतात आणि धूळच जास्त उडते. खोलीत सॉल्व्हंटचा वास असेल तर कसलीही ज्योत पेटवायची नाही.

पांढरा गोंद किंवा सिलिकॉन निघालं तर सरळ सांगते: ती फरशी काढावी लागेल. सुरुवातीला मीही तुकड्या-तुकड्यांनी वाचवायला बघायची. सहा महिन्यांनी उरलेल्या तुकड्यांवर धुकं यायचं आणि दोनदा काम व्हायचं.

एक गोष्ट धुक्याशी संबंधित नाही पण प्रत्येक दुरुस्तीत आडवी येते. इपॉक्सी पाण्यासारखी समतल होते. बाथरूमला जाळीकडे उतार असतो. म्हणजे ओतलेली इपॉक्सी वरून पातळ आणि जाळीपाशी जाड होऊन उतारच खाऊन टाकते, मग पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्याखालचं प्रत्येक बारीक छिद्र धुकं होऊन वर येतं. उताराच्या भागात सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेली इपॉक्सी पातळ थरांत, खरवडणीनं ओढून लावा. जाळी आधी चिकटपट्टीनं बंद करा. नळीत सेट झालेलं रेझिन काढायचा कुठलाही सोपा मार्ग नाही. वरच्या शेवटच्या थरात बारीक न घसरणारे कण मिसळा, ओल्या पायाला गुळगुळीत इपॉक्सी बर्फासारखी असते. खिडकीतून ऊन येत असेल तर फरशी पिवळी पडेल, त्यासाठी वरून उन्हाला टिकणारा पॉलियुरेथेनचा थर. चालायला साधारण एक दिवस, पाणी लागू द्यायला सात दिवस. भिंतीच्या आणि कमोडच्या कडेनं बारीक फट सोडून ती लवचीक सीलंटनं भरायची, नाहीतर पहिली चीर तिथूनच सुरू होते.

इथे थांबा

प्लॅस्टिकच्या चाचणीत दोनदा घाम आला, तर पुढचं काम तुमचं नाही. वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. नाण्यांवरची इपॉक्सी ही वॉटरप्रूफिंग नव्हे, ती वरची सजावट आहे. धुकं कमोडच्या बुडाशी किंवा पाइपाच्या रांगेत असेल, खालच्या मजल्याच्या छतावर डाग असेल, तर आधी प्लंबर. गळती चालू असताना फरशी दुरुस्त करणं म्हणजे नळ उघडा ठेवून जमीन पुसणं.

पाय टाकल्यावर फरशी दबते किंवा लाकडी तळ करकरतो, तर खालच्या बांधणीचा माणूस हवा. इपॉक्सी कडक असते, हलत्या तळावर ती फुटणारच. खाली विजेची तापणारी जाळी असेल तर ड्रिल आणि छिन्नी लावूच नका. नाण्यांखाली जुन्या काळच्या टाइल किंवा काळा डांबरी चिकटा निघाला आणि तो कशाचा आहे हे माहीत नसेल, तर घासणं, फोडणं तिथेच बंद. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची तपासणी प्रयोगशाळेतच होते.

हातांना किंवा पापण्यांना खाज, पुरळ सुरू झालं तर काम सोडा आणि डॉक्टरांना दाखवा, हार्डनरचं नावही बरोबर सांगा. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोड्याशा वासानंही उठते. मी ज्यांच्याकडून हे काम शिकले त्यांना आता डबा उघडलेल्या खोलीत पाऊलही टाकता येत नाही, ते दारातून सूचना देतात.